हातघाईचा क्लास कसा पारखावा? एनडीएला निघालेल्या मुलांसाठी बारा आठवड्यांची तयारी

मागच्या शिमग्याच्या दिवसांत गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या मैदानावर 'सेल्फ डिफेन्स'चं प्रात्यक्षिक होतं. एका मुलाने कोपराच्या एका फटक्यात मंगळुरी कौलांची चळत फोडली. टाळ्या पडल्या, फोटो झाले. कार्यक्रम उरकल्यावर मी त्या मुलाला बाजूला बोलावलं. सतरा वर्षांचा, अंगाने चांगला, एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीची, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीची, वाट बघणारा. म्हटलं, "बाबू, माझी कॉलरची पकड सोडव बघू." दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली आणि दोन पावलं मागे रेटत नेलं.

त्याला येत होतं ते त्याने केलं. माझं मनगट पकडून पिळायला गेला. पण शिकताना त्याच्यासमोरचा जोडीदार उभाच राहिलेला होता आणि मी चालत होतो. त्याचे पाय एकमेकांत अडकले, तो मागे बसला आणि बसताना उजवा तळवा पाठीमागे टेकला. खाली गवत होतं म्हणून निभावलं. माझं वय चोपन्न आणि डावा गुडघा कामातून गेलेला आहे, हे इथे सांगायला हवं.

त्याचे वडील म्हणाले, "भाऊ, चार वर्षं फी भरली. आता काय करू?" त्यांना उभ्याउभ्या जे सांगितलं ते अपुरं होतं. म्हणून हे सविस्तर.

मी आर्मीत पीटी इन्स्ट्रक्टर होतो. रिक्रूट आणि कॅडेट आम्हाला 'उस्ताद' म्हणतात. निवृत्तीनंतर डिचोली-साखळीकडच्या पोरांना सकाळी थोडं शिकवतो. मला विचाराल तर हातघाईच्या प्रशिक्षणाचा दर्जा दोनच प्रश्नांनी कळतो. समोरच्याची इच्छा नसताना शिकवलेलं चालतं का? आणि आज शिकलेला मुलगा उद्या धडधाकट परत येतो का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तर तो क्लास म्हणजे मारामारी. उलटं असेल तर ती घोडेमोडणी. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, डोक्याला फेटा. आपल्या सत्तरी-डिचोलीत ती बघताना अंगावर काटा येतो. पण तो नाच आहे हे नाचणाऱ्याला ठाऊक असतं. क्लासमधल्या पोराला ते कुणी सांगत नाही.

मुळात कॅडेटला हे कशाला?

हा प्रश्न मुलांपेक्षा आया जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे. बंदुकीच्या काळात गुद्दे कशाला? १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले, आणि तिथे गोळी चालली नव्हती. १९९६ च्या भारत-चीन करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं कलम आहे. आता सैन्याचं स्वतःचं 'आर्मी मार्शल आर्ट्स रूटीन' आहे, त्याला 'अमर' म्हणतात.

पण कॅडेटला ते लगेच लागत नाही. त्याच्यासमोर आधी येतं बॉक्सिंग. खडकवासल्याला, म्हणजे एनडीएत, पहिल्या टर्मच्या मुलांना 'नोव्हिसेस'साठी (नवख्यांच्या बॉक्सिंग स्पर्धेसाठी) रिंगमध्ये उतरावं लागतं. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १९०५ पासून बॉक्सिंग सक्तीचं आहे, मुलींना ते २०१६ मध्ये लागू झालं. त्यामागचा हेतू चॅम्पियन घडवण्याचा नाही. तोंडावर ठोसा येताना डोळे उघडे ठेवता येतात का आणि श्वास संपल्यावर डोकं चालतं का, एवढंच त्यातून बघतात.

पहिली पायरी: फी भरण्याआधी घड्याळ घेऊन बसा

कुठल्याही क्लासला जा, कट्ट्यावर बसा आणि एकाच विद्यार्थ्यावर नजर ठेवा. तासाभरात तो विद्यार्थी किती मिनिटं प्रतिकार करणाऱ्या माणसाशी भिडला ते मोजा. रांगेत उभं राहून हवेत मारलेले ठोसे धरायचे नाहीत. हात पुढे करून गप्प उभा राहिलेला जोडीदारही धरायचा नाही. वॉर्मअप वीस मिनिटं, रांगेतला सराव पंचवीस, मास्तरांचं भाषण दहा, असं करत बऱ्याच ठिकाणी हा आकडा पाचच्या आत येतो. तासाला पंधरा मिनिटं हा माझा किमान हिशेब आहे. सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत तो कमी असला तर चालेल, कारण तेव्हा पडायला शिकवायचं असतं.

बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट बघा. जोडीदाराने अंगावर किंवा गादीवर थाप मारली की पकड लगेच सुटते का? थाप म्हणजे 'थांब'. ती ऐकू येऊनही एखादा सीनियर अर्धा सेकंद जास्त पिळतो आणि मास्तर हसतात, तिथून उठा. रगडा (शिक्षेचा व्यायाम) खायला अकादमीत भरपूर मिळतो, त्याचे पैसे इथे देऊ नका.

पट्ट्याचा रंग, भिंतीवरचे चषक आणि 'कमांडो' हा शब्द यांना मी शून्य मार्क देतो. 'क्रव मागा की कराटे की ज्यूदो' हा प्रश्नही दुय्यम. अमेरिकन सैन्यात मॅट लार्सन यांनी १९९५ मध्ये रेंजर बटालियनमध्ये हातघाईच्या प्रशिक्षणाची नव्याने सुरुवात केली. जुन्या पुस्तकातले डाव जवान मनापासून सरावातच घेत नाहीत, ही अडचण होती. त्यांनी जमिनीवरच्या कुस्तीपासून सुरुवात केली, कारण ती पूर्ण जोराने खेळता येते, चुरस लागते आणि माणसं आपणहून सराव करतात. क्लास पारखताना मीही तेच बघतो: पोरं तास संपल्यावर 'आणखी एक राउंड' म्हणतात का?

दुसरी पायरी: गादी बघा, मग मास्तर

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद हॉलमधली गादी खालून ओली राहते आणि तिला बुरशी धरते. एक तुकडा उचलून वास घ्या. कुबट वास आला तर पोराच्या मानेवर आणि काखेत नायटा येणार हे धरून चाला. एकाला झाला की पंधरा दिवसांत सगळ्या बॅचला होतो, कारण या खेळात अंगाला अंग घासतं. रोज सराव संपल्यावर गादी पुसायला हवी. घरगुती ब्लीच एक लिटर पाण्यात दहा मिली घाला, पुसा, वाळू द्या. तुकडे आठवड्यातून एकदा उभे करून उन्हात ठेवा. ऊन नसेल तर पंख्याखाली.

जाडीही विचारा. ठोसे-लाथांच्या सरावाला २० ते २५ मिलिमीटर पुरते, पण फेकाफेकी असेल तर ४० मिलिमीटर हवी. जोड्यांमधलं अंतरही महत्त्वाचं आहे. एका जोडीला तीन बाय तीन मीटर जागा नसेल तर एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. मी स्वतः हे बघितलंय, आणि चूक माझीच होती. चौदा पोरं छोट्या हॉलमध्ये कोंबली होती. एकाची भुवई फुटली, चार टाके पडले.

मिरामारच्या वाळूवर सराव घेणारे असतात. कुस्तीला कोरडी वाळू छान, पण पाय आत रुततो आणि गुडघा वळतो. ओली वाळू तर सिमेंटसारखी घट्ट असते, तिच्यावर पडायचा सराव करूच नका. लाल मातीचा हौदा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

वेळ पहाटेची ठेवा. आमची शिट्टी पावणेसहाला वाजते. एप्रिल-मे मध्ये दमटपणामुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. पोरगा बडबडायला लागला, पाय लटपटले किंवा घाम यायचाच थांबला तर सराव बंद, सावली, अंगावर पाणी, पंखा. शुद्ध हरपत असेल तर १०८. रोजचं म्हणाल तर कोकम सरबतात चिमूटभर मीठ, आणि सरावानंतर घरी जाऊन पेज. त्याहून महाग काही लागत नाही.

तिसरी पायरी: पडायला शिका

मला फक्त एक महिना दिला आणि एकच गोष्ट शिकवायला सांगितली तर मी पडायला शिकवेन. नव्या पोरांच्या दुखापती ठोशाने कमी आणि पडताना टेकलेल्या हाताने जास्त होतात. मनगट आणि हासळी (गळ्याखालचं हाड) ही नेहमीची गिऱ्हाइकं. भरतीच्या तोंडावर हाड मोडलं तर मेडिकल बोर्ड त्याच्याकडे बारकाईने बघतं, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात उकिडवं बसून करायची. हनुवटी छातीला चिकटवा आणि नजर कमरेच्या पट्ट्यावर ठेवा. हात छातीसमोर गुणाकाराच्या खुणेसारखे धरा. आता टाचेजवळ ढुंगण टेकवत पाठीवर गोल लोळा. पाठ जमिनीला लागते त्याच क्षणी दोन्ही हात, कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण, जमिनीवर आपटा. तळवे खाली, आणि हात अंगापासून साधारण हातभर लांब. हात खांद्याच्या रेषेत आडवे गेले तर खांदा दुखेल, अंगाला चिकटले तर आपटण्याचा जोर बरगड्यांवर येईल. डोकं गादीला लागता कामा नये. लागलं तर आवाज येतो, 'टक' असा. तो आवाज ऐकू आला की मी मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतो.

पहिल्या आठवड्यात रोज तीस वेळा उकिडवं बसून. दुसऱ्या आठवड्यात अर्धं उभं राहून आणि दोन्ही कुशींवर. मग उभ्याने. मग चालता चालता शिट्टी वाजली की. शेवटी जोडीदार न सांगता छातीवर ढकलतो तेव्हा. या शेवटच्या वेळी हात मागे गेला तर आधीचं सगळं अजून मुरलेलं नाही असं समजा. कौलं फोडणाऱ्या त्या मुलाला हे चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

चौथी पायरी: पकड, पट आणि उठणं

इथून खरं भिडणं सुरू होतं. डाव थोडे ठेवा. पकड तोडणं, पट काढणं (पाय धरून पाडणं), एक ढाक (कमरेवरून फेकणं), खाली दाबून धरणं आणि खालून सुटून उभं राहणं. बारा आठवड्यांत एवढं पुरेसं आहे. आपल्याकडे जुन्या आखाड्यातला एखादा पैलवान असेल तर त्याच्याकडून पट शिका, कारण पाय कुठे टाकायचा हे तो बोलत नाही, ढकलून दाखवतो.

सैनिकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं उठणं. अमेरिकन जवानांत असं म्हणतात की हातघाईत तोच जिंकतो ज्याचा जोडीदार बंदूक घेऊन आधी पोहोचतो. जमिनीवर लोळत सुंदर डाव करत बसण्याचा अर्थच नाही. एक हात मागे, पण बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली. विरुद्ध पाय जमिनीवर, दुसरा पाय समोरच्याच्या गुडघ्याच्या दिशेने. ढुंगण उचला, मोकळा पाय खालून मागे घ्या, उभे राहा. नजर समोरच्यावरून हटली की पुन्हा.

प्रत्येक डाव चार टप्प्यांनी चढवायचा. आधी जोडीदार अजिबात विरोध करत नाही, कारण हातपाय कुठे जातात हे समजायला हवं. मग तो थोडं वजन टाकतो. मग तो तो डाव होऊ नये म्हणून झटतो, पण उलटा डाव करत नाही. शेवटी दोन मिनिटांचा राउंड, दोघांनाही सगळं मोकळं. वाईट क्लास पहिल्या टप्प्यावर चार वर्षं राहतो. दुसऱ्या प्रकारचा वाईट क्लास पहिल्याच दिवशी चौथ्यावर उडी मारतो आणि त्याला 'मर्दानगी' म्हणतो. मधले दोन टप्पे कंटाळवाणे असतात, दिसायला काहीच नसतं, आणि शिकणं तिथेच होतं.

जोड्या वजनावर लावा. पाच किलोपर्यंतचा फरक चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर जड मुलाला गुडघ्यावर बसवून सुरुवात करा.

गळ्याची पकड हा वेगळा विषय. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर आठ-दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. माझ्याकडे सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत ती कुणालाच शिकवत नाही, आणि शाळकरी वयाच्या पोरांना तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी ती दाखवून पोरांना खूश करणारा मास्तर मला नको.

पाचवी पायरी: ठोसा, आणि डोकं

जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा), गार्ड (तोंडासमोर धरलेले हात) आणि पाय. चार आठवडे एवढंच. नवशिक्याची खूण म्हणजे ठोसा येताना डोळे मिटून मान वळवणं. त्यावर सोपा उपाय: जोडीदार हातमोजा घालून कपाळावर हलक्या टपल्या मारतो आणि दुसऱ्या हाताची किती बोटं वर आहेत ते विचारतो. शंभर टपल्यांनंतर डोळे उघडे राहायला लागतात. पोरं हसतात, भीती तिथेच निम्मी होते.

स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, १६ औंसांचे हातमोजे, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचा एक. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड प्रत्येकाचा स्वतःचा. हेडगिअर घाला, पण ते भुवई फुटण्यापासून वाचवतं. मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. डोकं जोरात हललं की कवटीच्या आत मेंदूही हलतो, बाहेरून कितीही स्पंज लावा. आठवड्यातून एकदाच डोक्यावर स्पारिंग, तेही तीस-चाळीस टक्के जोराने. बाकी दिवस खांदा आणि पोट.

वेस्ट पॉइंटसारख्या ठिकाणी, जिथे डॉक्टर रिंगच्या बाजूला असतात, तिथेही मेंदूला बसलेल्या मारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा बॉक्सिंगमधून येत असल्याचं २०१५ मध्ये छापून आलं होतं. आपल्याकडे रिंगच्या बाजूला कोण असतं? बहुतेक वेळा व्हिडिओ काढणारा मामा.

म्हणून नियम ठरवून टाका. ठोशानंतर डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, प्रकाश सहन होईना किंवा पोरगा 'आज वार कोणता' हे दोनदा विचारू लागला, तर त्या दिवसाचा सराव संपला. 'बरं वाटतंय उस्ताद' यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण ते सगळेच म्हणतात. उलट्या होऊ लागल्या, झोप अनावर झाली, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली तर थेट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), बांबोळीला. नंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावर काही नाही. आधी चालणं, मग धावणं, मग बॅगवर ठोसे, मग जोडीदार. पहिला मार बरा झालेला नसताना दुसरा बसला तर तो जिवावर बेततो.

क्लासमध्ये दुखापतींची वही आहे का, हे विचारा. 'आमच्याकडे कुणाला लागतच नाही' असं उत्तर आलं तर एकतर वही नाही, नाहीतर भिडणं नाही.

सहावी पायरी: चाकूचं सोंग उतरवा

चाकूपासून बचाव शिकवतो म्हणणाऱ्या मास्तरांसाठी माझ्याकडे एक परीक्षा आहे. पांढरी बनियन घाला. जोडीदाराच्या हातात लाल स्केचपेन द्या, डोळ्यांना चष्मा लावा, आणि त्याला सांगा, 'वीस सेकंद, मनाला येईल तसं.' वीस सेकंदांनी बनियन बघा. माझ्या स्वतःच्या बनियनवर गेल्या वेळी अकरा रेघा होत्या, त्यातल्या तीन मानेजवळ. त्यानंतर पळायचं कसं, मध्ये खुर्ची कशी धरायची आणि हात वापरावाच लागला तर हत्याराचा हात दोन्ही हातांनी कसा जखडायचा, हे पोरं कान देऊन ऐकतात. संगिनीचा सराव मात्र अकादमीवर सोडा. तिथे ते शिकवणारे आहेत.

बारा आठवडे कसे वाटायचे

आठवड्यात तीन दिवस, सव्वा तास. छत्तीस सत्रांचे पंचेचाळीस तास होतात. तुलनेला सांगतो, अमेरिकन सैन्याचा पहिल्या पातळीचा कोर्स ४० तासांचा आहे, आणि मरीनच्या पहिल्या पट्ट्याला साडेसत्तावीस तास लागतात. म्हणजे हे कमी नाही. पहिले तीन आठवडे पडणं, गार्ड आणि पकड तोडणं. चौथ्यापासून सातव्यापर्यंत पट, दाबून धरणं, उठणं आणि जॅब-क्रॉस, मधल्या दोन टप्प्यांवर. आठव्यापासून दहाव्यापर्यंत दोन मिनिटांचे मोकळे राउंड. शेवटचे दोन आठवडे दमलेल्या अवस्थेत: मये तलावाकडे तीन किलोमीटर पळून या, पाणी प्या, आणि लगेच राउंड. दमल्यावर कुठला डाव उरतो ते बघा. बहुतेकांचे दोन उरतात, आणि तेच त्यांचे खरे डाव.

पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात प्रत्येकाचा एक राउंड मोबाइलवर काढून ठेवा आणि त्यालाच दाखवा. मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका.

मुलींबद्दल

२०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली, आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी पास होऊन बाहेर पडल्या. माझ्याकडे सध्या चार मुली आहेत. मुलींना वेगळे 'सोपे' डाव नकोत. वजनाला वजन, तेच चार टप्पे. मुला-मुलींची जोडी लावायची तर आधी दोघांना विचारायचं, आणि पालकांना एकदा बसून सराव बघू द्यायचा. एका आईने पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घालून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी धाकटीलाही आणून बसवलं.

निघण्याआधीचे तीन आठवडे

रिपोर्टिंगच्या तारखेच्या तीन आठवडे आधी डोक्यावरचं स्पारिंग पूर्ण बंद. दोन आठवडे आधी मोकळी कुस्तीही बंद. पडणं, पळणं आणि सावलीशी बॉक्सिंग चालू ठेवा. नायटा असेल तर आत्ताच डॉक्टरकडे जा, तिथे जाऊन लपवू नका, कारण स्क्वाड्रनमध्ये तो तुमच्या नावाने पसरेल. खडकवासला असो की एझिमला (केरळमधली नौदलाची अकादमी), सामान सारखंच. (एझिमला २००९ मध्ये सुरू होईपर्यंत नौदलाची अकादमी आपल्या वेर्‍यालाच होती. तेव्हा पोरं फेरीबोटीने घरी यायची, हे आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात.) नखं कापलेली, मनगटाला बांधायच्या पट्ट्यांचे दोन जोड, आणि माउथगार्ड भोकं असलेल्या डबीत. बंद डबीत ठेवलात तर आपल्या हवेत चार दिवसांत त्याला गादीसारखाच वास येतो.